राजपुरीच्या धक्क्यावरून : जंजिऱ्याची पायपीट

जंजिरा हे मुळात एका किल्ल्याचं नाव नव्हतं. अरबीत बेटाला ‘जज़ीरा’ म्हणतात. व्यापारी आणि खलाशांबरोबर हा शब्द कोकण किनाऱ्यावर आला आणि इथल्या तोंडात बसता बसता त्याचा जंजिरा झाला. हाच शब्द पश्चिमेकडे भूमध्य समुद्रातही गेला. अल्जिअर्स शहराचं अरबी नाव ‘अल-जज़ाइर’, म्हणजे बेटं. स्पेनच्या दक्षिण टोकाचं अल्हेसिरास बंदर म्हणजे ‘अल-जज़ीरा अल-ख़ज़रा’, हिरवं बेट. माल्टाची राजधानी व्हॅलेटा. तिच्यासमोर, बंदराच्या पलीकडच्या काठावर ग्झीरा नावाचं गाव आहे. माल्टाची भाषा अरबीतून निघाली, पण ती रोमन लिपीत लिहितात. तिथले बहुतेक लोक कॅथलिक ख्रिश्चन आहेत आणि आपल्या भाषेत ते देवाला ‘अल्ला’च म्हणतात. शब्द कुणाच्या धर्माची चौकशी करत बसत नाहीत.

मराठीनेही या शब्दाची चौकशी केली नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत जंजिरा म्हणजे कोणताही पाणकिल्ला. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग या स्वराज्याच्या किल्ल्यांचा उल्लेखही ‘जंजिरे’ असा येतो. मुरूडजवळच्या बेटाला मात्र हे नाव कायमचं चिकटलं. आज नुसतं जंजिरा म्हटलं की सगळ्यांना तोच किल्ला आठवतो, आणि त्याच्याबरोबर सिद्दी.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातली माणसं. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं नाही तर इसापूरचं धरण. समुद्र शाळेच्या नकाशात निळ्या रंगात पाहिलेला. त्यामुळे जंजिरा पाहायचा ठरला तेव्हा मनाशी नक्की केलं, गाडीतून उतरून फोटो काढून परत फिरायचं नाही. मुरूडपासून पायी जायचं आणि वाटेत जे दिसेल ते पाहायचं.

मुरूड ते राजपुरी

अलिबाग-रेवदंड्याकडून मुरूडला येताना गावाच्या अलीकडे, समुद्रावरच्या उंचवट्यावर नवाबाचा राजवाडा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही वास्तू खासगी मालकीची आहे, म्हणून रस्त्यावरूनच पाहायची. सिद्दी अहमद खान हा १८७९ ते १९२२ या काळातला नवाब. त्याची बेगम नाज़ली रफ़िया ही मुंबईच्या तय्यबजी-फैज़ी गोतावळ्यातली. प्रसिद्ध लेखिका अतिया फैज़ी तिची बहीण. १९०८ साली नवाब, बेगम आणि अतिया युरोपच्या दौऱ्यावर गेले. इस्तंबूलही पाहून आले. त्या प्रवासावर नाज़ली बेगमने उर्दूत ‘सैर-ए-यूरप’ हे पुस्तक लिहिलं. कोकणातल्या एका छोट्या संस्थानाची राणी शंभर वर्षांपूर्वी परदेशाचं प्रवासवर्णन लिहिते, ही गोष्ट आपल्या किती अभ्यासक्रमांत आहे? जंजिरा म्हटलं की आपल्याला तोफा आठवतात, ही बाई आठवत नाही.

मुरूडच्या वाळूवर उभं राहिलं की समोर पाण्यात एक किल्ला दिसतो. पहिल्यांदा आलेले पर्यटक त्यालाच जंजिरा समजतात. तो पद्मदुर्ग, म्हणजेच कासा. सिद्दीवर नजर ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो उभा केला. जंजिरा आणखी दक्षिणेला, राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी आहे. मुरूडहून राजपुरी पाचेक किलोमीटर. वाटेत नारळ-सुपारीच्या वाड्या लागतात, कोळीवाड्यात वाळत घातलेली जाळी दिसतात, सुक्या मासळीचा वास पुढे बराच वेळ सोबत करतो. मशिदीपाशी दोन म्हातारे गप्पा मारत बसले होते. त्यांची कोकणी मराठी ऐकताना मला मौज वाटली. आमच्या घरात दखनी बोलतात, मराठी बाजारात आणि शाळेत भेटली. या लोकांच्या घरातच मराठी आहे. महाराष्ट्रातला मुसलमान म्हणजे एकच एक उर्दू बोलणारा माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी हिंगोलीहून राजपुरीला एकदा जरूर यावं.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. होडी भरली की निघते. आमच्या होडीत पंचवीस-तीस माणसं होती, सोबत माहिती सांगणारा एक जण. त्याने वारा पकडावा तशी गोष्ट पकडली आणि तलवारी, कारस्थानं, अजिंक्य तटबंदी असं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यात त्याने तीन वेगवेगळी माणसं एकत्र केली. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आणि जंजिऱ्याचा सिद्दी अंबर. होडीत कुणी हरकत घेतली नाही. हबशी म्हटला की एकच, अशी आपली समजूत आहे.

गोष्ट संपल्यावर शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोराने माझं नाव विचारलं. नाव ऐकून तो हसत म्हणाला, “मग काका, हे सिद्दी तुमचेच की!” त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. क्रिकेटच्या मॅचमध्ये ‘तुमची टीम’ म्हणावं तसं तो बोलला. मीही हसलो. पण प्रश्न सोपा नव्हता, आणि किल्ल्यात फिरताना तो सोबत राहिला.

तटाच्या आत

होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या मधल्या खाचेत तो लपलेला आहे. लाटेबरोबर होडी वर-खाली होते आणि नावाड्याचा हात धरून पायरीवर उडी मारावी लागते. दरवाजाजवळ एक शिल्प आहे. एका वाघासारख्या जनावराने पंजांत, तोंडात आणि शेपटीत हत्ती पकडले आहेत. पाहणारा प्रत्येक जण आपापल्या परीने त्याचा अर्थ लावतो.

या बेटावरचं पहिलं बांधकाम लाकडी मेढेकोटाचं. रूढ कथेप्रमाणे पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजपुरीच्या कोळ्यांनी चाच्यांपासून बचावासाठी तो उभारला आणि राम पाटील त्यांचा प्रमुख होता. पुढे निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापारी बनून दारूच्या पिंपांसह आत प्रवेश मिळवला आणि बेट घेतलं, असं ही कथा सांगते. सोळाव्या शतकात, साधारण १५७० च्या आसपास, लाकडाच्या जागी दगडी तट उभे राहू लागले.

त्याच सुमारास तिकडे माल्टाच्या बेटावरही दगड घडवले जात होते. १५६५ मध्ये उस्मानी तुर्कांच्या आरमाराने माल्टाला वेढा घातला, तो अयशस्वी झाला. वेढ्यातून वाचलेल्या ख्रिस्ती सरदारांनी २८ मार्च १५६६ रोजी व्हॅलेटा या तटबंदीच्या नव्या शहराची पायाभरणी केली. दोन बेटं, दोन बंदरं, दोन्हीकडे समुद्रातून उगवलेल्या भिंती, आणि दोन्हीकडे गुलाम. व्हॅलेटात पकडून आणलेल्या मुसलमान कैद्यांना गलबतांवर वल्ही मारायला लावत, त्यांच्यासाठी शहरात खास तुरुंग होता. समोरच्या किनाऱ्यावर अल्जिअर्समध्ये ख्रिस्ती कैद्यांची तीच गत. माल्टातली गुलामी १७९८ साली नेपोलियनने बेट घेतल्यावर संपली.

जंजिऱ्याची गोष्ट इथे वेगळी होते. व्हॅलेटाचे गुलाम गुलामच राहिले. जंजिऱ्यात मात्र ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून विकले गेले होते, ते किल्ल्याचे मालक झाले. ‘सिद्दी’ हा शब्द अरबीतल्या ‘सय्यिदी’वरून आला, त्याचा अर्थ ‘माझे स्वामी’. बाजारात ज्याची किंमत ठरली त्याच्या वंशजांना लोक स्वामी म्हणू लागले. दख्खनच्या सुलतानीत हे पुन्हा पुन्हा घडलं. मराठवाड्याला त्याचं सर्वांत मोठं उदाहरण घरचंच आहे. मलिक अंबर इथिओपियातल्या हरारकडचा, मूळ नाव चापू. लहानपणी विकला गेला, मोखा आणि बगदाद करत दख्खनला पोहोचला. इथे त्याला चंगेज़ खान या निजामशाही पेशव्याने विकत घेतलं. तो पेशवाही हबशीच होता. पुढे अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने १६१० मध्ये खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवलं, तिथे पाण्याची नहर आणली, आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मोगल आणि विजापूरच्या एकत्र फौजेला हरवलं. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. शहाजीराजांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. अंबरची कबर खुलताबादेत आहे.

किल्ल्यात शिरल्यावर पीर पंचायतन लागतं. पुढे गोड्या पाण्याचा तलाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये पिण्याजोगं, यामुळेच हा किल्ला वेढ्यांत टिकला. तलावाजवळ सुरुलखानाच्या वाड्याचे उंच भग्न अवशेष आहेत. भिंतींतून झाडं वाढली आहेत. तटावर कलालबांगडी तोफ. पोरं तिच्यावर चढून फोटो काढतात. मागच्या बाजूला दर्या दरवाजा, खुल्या समुद्राकडे उघडणारा. संकटात निसटायची ही वाट.

या पडक्या जागेत एकेकाळी लोकवस्ती होती. घरं, मशिदी, चुली, लहान मुलं. संस्थान विलीन झाल्यानंतर ती हळूहळू उठली. आज दिवसभर गर्दी असते आणि शेवटची होडी गेली की बेटावर शुकशुकाट होतो.

कोणाचे सिद्दी?

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येतो. सिद्दी नेमके कोणाचे?

आधी ते निजामशाहीचे होते. १६३६ च्या तहानंतर कोकणपट्टी विजापूरकडे गेली, तेव्हा आदिलशाहीचे झाले. १६७० च्या सुमारास शिवाजी महाराजांचा दबाव वाढला आणि किल्लेदार फतेखान बेट देऊन तडजोड करायला तयार झाला. सिद्दी संबूल, कासिम आणि खैरियत या त्याच्याच सरदारांनी त्याला कैद केलं आणि औरंगजेबाशी संधान बांधलं. विजापूरचे ते मोगलांचे झाले. सुरतेच्या महसुलातून त्यांच्या आरमाराला पैसा मिळू लागला, मोगलांच्या जहाजांचं रक्षण हे त्यांचं काम ठरलं. तिन्ही सत्ता मुसलमानांच्या, आणि तिन्ही एकमेकांच्या जिवावर उठलेल्या. यात धर्माची निष्ठा शोधायची तर ती सापडत नाही. बेट हातातून जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच सूत्र दिसतं.

समोरच्या बाजूला पाहू. शिवाजी महाराजांच्या आरमाराचे दोन प्रमुख अधिकारी, दर्यासारंग आणि दौलतखान, दोघेही मुसलमान. १६७९ साली खांदेरीच्या लढाईत मायनाक भंडारी आणि दौलतखान एकाच बाजूने इंग्रज आणि सिद्दीशी लढले. सिद्दी मिस्री नावाचा जंजिऱ्याच्याच गोतातला माणूस संभाजी महाराजांच्या आरमारात गेला आणि आपल्याच भाईबंदांशी झुंजताना पडला. म्हणजे मराठ्यांच्या बाजूला मुसलमान होते, आणि एक सिद्दीसुद्धा होता.

१६८२ च्या मोहिमेत संभाजी महाराजांनी राजपुरीच्या किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्र बुजवून रस्ता करायचं काम सुरू केलं. धक्क्यावर उभं राहून ते अंतर पाहिलं की त्या धाडसाची कल्पना येते. मोगल फौज स्वराज्यात घुसल्यामुळे महाराजांना परतावं लागलं आणि काम थांबलं. किल्ला पडला नाही, पण तो घेण्यासाठी माणसांनी समुद्रात दगड टाकले, ही आठवणही या जागेचीच आहे. ती सांगताना माझ्यातल्या मुसलमानाला काहीही अवघड वाटत नाही.

सिद्दीचा मोठेपणा सांगताना त्याचा जुलूम लपवायचंही कारण नाही. किनाऱ्यावरच्या गावांवर सिद्दीच्या माणसांनी धाडी घातल्या, घरं जाळली, माणसं धरून नेली आणि गुलाम म्हणून विकली. ज्यांच्या घराण्याची सुरुवात गुलामांच्या बाजारातून झाली, त्यांनी सत्ता आल्यावर दुसऱ्यांना त्याच बाजारात उभं केलं. जंजिऱ्याच्या इतिहासातली मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी बाब हीच आहे. सोसलेल्या माणसाला सोसणाऱ्याची दया येईलच, असं नाही. धाडीत ज्यांची माणसं गेली त्या कोळी-कुणब्यांच्या बाजूने बोलायला मला कुणाच्या परवानगीची गरज नाही. कुरआनात गुलाम मुक्त करणं हे पुण्यकर्म सांगितलं आहे. त्या कसोटीला सिद्दी उतरत नसतील तर ते तसंच म्हटलं पाहिजे.

आणि तरीही चित्र एकरंगी होत नाही. पेशव्यांचं भट घराणं श्रीवर्धनचं, म्हणजे सिद्दीच्याच मुलखातलं. सिद्दीशी बिनसल्यावर बाळाजी विश्वनाथांना गाव सोडावं लागलं. पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना जंजिऱ्याच्या सिद्दीकडून गावं इनाम मिळाली होती. पुढे १७२७ मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाची नासधूस केली आणि स्वामी सिद्दीचे कडवे विरोधक झाले. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी साताला लढाईत मारलं. इनाम देणारेही सिद्दी आणि देऊळ लुटणाराही सिद्दी. १६८९-९० मध्ये याच सिद्दींनी मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं होतं, हे तर आपण विसरूनच गेलो.

राजाचा हिशोब

हिंगोलीच्या माणसाला हा प्रश्न जास्त टोचतो, त्याला कारण आहे. आमचा जिल्हा १९९९ मध्ये झाला, त्याआधी परभणीचा भाग, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या संस्थानातही आफ्रिकी घोडेस्वारांची तुकडी होती. हैदराबादेतला ए.सी. गार्ड्स हा मोहल्ला आजही ‘आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स’चं नाव चालवतो.

जंजिरा आणि हैदराबाद, दोन्ही संस्थानं १९४८ मध्येच संपली. जंजिऱ्यात लोकांनी आंदोलन केलं, मोहन धारियांसारखे तरुण त्यात उतरले, नवाबाने सही केली आणि मार्च महिन्यात संस्थान विलीन झालं. हैदराबादेत तसं झालं नाही. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आहेत, त्यांचं समर्थन होऊ शकत नाही. सप्टेंबरच्या पोलिस कारवाईनंतर मराठवाड्यातल्या सामान्य मुसलमानांवर जो सूड उगवला गेला, तोही खरा आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने तो नोंदवला. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत आमच्या शेजारचं नांदेड होतं.

निजामाच्या राज्यात मुसलमान विणकर, शिकलगार, सालदार यांना निजामाच्या तिजोरीतून काय मिळत होतं? शेतात राबताना त्यांचा घाम वेगळा नव्हता. पण राजा गेला आणि त्याचा हिशोब या लोकांकडून मागितला गेला. ‘सिद्दी तुमचेच की’ हे वाक्य हसत म्हटलं तरी ते याच वाटेवरचं आहे. आज गमतीत टीम ठरते, उद्या कुणीतरी त्या टीमचा जुना हिशोब काढून बसतो.

आपल्या बाजूनेही ही चूक होते. “आमचा किल्ला तीनशे वर्षं कुणाला घेता आला नाही” असं आपलीही काही पोरं अभिमानाने म्हणतात. हा अभिमान उसना आहे. सिद्दीचा विजय माझा नाही, त्यामुळे त्याच्या जुलमाचं ओझंही माझं नाही. एक घ्यायचं आणि दुसरं नाकारायचं, असं चालणार नाही.

खोकरीचे घुमट

राजपुरीच्या पुढे थोड्या अंतरावर खोकरी गाव आहे. तिथे झाडीत दगडी घुमटाच्या तीन कबरी आहेत. सर्वांत मोठी सुरुलखानाची, शेजारच्या दोन सिद्दी कासिम ऊर्फ याकूतखान आणि खैरियतखान यांच्या. ज्यांनी फतेखानाला कैद केलं, त्यांतलेच हे दोघे. कमानी, जाळ्या, दगडावरचं कोरीवकाम सुरेख आहे. किल्ल्यावर जत्रा भरलेली असते, इथे मी गेलो तेव्हा दोन शेळ्या चरत होत्या आणि एक मावशी सावलीत बसून लाकडाची मोळी बांधत होत्या. “किल्ला बघितलाव काय?” त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाल्या, “मग आता दमला असाल, पाणी प्या.”

कबरीपाशी उभं राहून मी फातिहा वाचली. आमच्याकडे कबर दिसली की वाचतो. मेलेल्या माणसासाठी दुआ करणं म्हणजे त्याच्या कारभाराला मान्यता देणं नव्हे. तो हिशोब अल्लाहपाशी, आणि इतिहासापुरता अभ्यासकांपाशी.

मराठवाड्यातून सहली आता कोकणात येऊ लागल्या आहेत. शिक्षकांना एवढंच सांगावंसं वाटतं, पोरांना किल्ल्यावरून थेट बसमध्ये बसवू नका. मुरूडच्या वाळूवरून पद्मदुर्ग दाखवा, राजपुरीच्या धक्क्यावर संभाजी महाराजांच्या बांधाची गोष्ट सांगा, राम पाटील, दौलतखान आणि नाज़ली बेगम यांची नावं सांगा, धाडीत पळवलेल्या माणसांविषयी सांगा, आणि वेळ काढून खोकरीला न्या. मलिक अंबर आणि सिद्दी अंबर वेगळे होते, एवढं जरी एखाद्या पोराच्या लक्षात राहिलं तरी पुढचे प्रश्न तो स्वतः विचारेल.